सांगोला विधानसभा मतदारसंघ: निवडणुकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथून अकरा वेळा आमदार झालेल्या गणपतराव देशमुखांचं नाव काढलं की सांगोल्याबद्दल बोलणाऱ्यांची गाडी तिथेच थांबते. ते साहजिकच आहे. पण या मतदारसंघाच्या निवडणुका नीट पाहिल्या तर एका माणसाच्या विक्रमापलीकडे बरंच काही दिसतं. लोक नेहमी विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. काही एका ओळीत संपतात, काहींना जरा पाल्हाळ लागतो.

हा मतदारसंघ नेमका कुठे आहे?

सोलापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला. विधानसभेच्या यादीत त्याचा क्रमांक २५३. सगळा सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातला भाळवणीचा भाग त्यात येतो. पश्चिमेला आणि दक्षिणेला सांगली जिल्ह्यातले आटपाडी, कवठे महांकाळ आणि जत हे तालुके लागतात. माणगंगा इथून पुढे मंगळवेढ्याकडे जाते. जिल्हा सोलापूर असला तरी माती, बोली आणि दुष्काळ माणदेशाचा.

लोकसभेला सांगोला माढा मतदारसंघात आहे. २००८ च्या पुनर्रचनेआधी तो पंढरपूर लोकसभेत होता. ती जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती आणि तिथून रामदास आठवले १९९९ आणि २००४ मध्ये निवडून गेले. पुनर्रचनेनंतर पहिल्याच निवडणुकीत, २००९ मध्ये, शरद पवार माढ्यातून उभे राहिले आणि सांगोलेकरांच्या मतपत्रिकेवरची नावं एकदम बदलली.

विधानसभेची जागा राखीव आहे का?

नाही, सर्वसाधारण आहे. जिल्ह्यातल्या माळशिरस आणि मोहोळ या जागा राखीव आहेत, त्यामुळे बाहेरच्यांचा गोंधळ होतो.

आजवर किती आमदार झाले?

संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर विधानसभेची पहिली निवडणूक १९६२ मध्ये झाली. तेव्हापासून २०२४ पर्यंत सांगोल्याने फक्त चार माणसांना आमदार केलं: गणपतराव देशमुख, काकासाहेब साळुंखे-पाटील, शहाजीबापू पाटील आणि डॉ. बाबासाहेब देशमुख. साठ वर्षांहून जास्त काळ आणि माणसं चार. त्यातलं चौथं नाव पहिल्याचा नातू. बाई एकही नाही, ही गोष्ट सांगोल्याच्या कौतुकाच्या भाषणांत कुणी काढत नाही म्हणून इथे काढली.

गणपतराव किती वेळा निवडून आले?

अकरा वेळा: १९६२, १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. सगळ्या वेळा सांगोल्यातून आणि सगळ्या वेळा शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप). १९७२ आणि १९९५ मध्ये ते हरले. २०१९ ला उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं.

मग ते ५५ वर्षं आमदार होते, हे बरोबर?

अकरा गुणिले पाच असा हिशेब करून हा आकडा फिरतो, पण तो जुळत नाही. १९६२ ते १९७२ ही दहा वर्षं. १९७४ ते १९९५ ही एकवीस. १९९९ ते २०१९ ही वीस. एकूण एक्कावन्नच्या आसपास.

चूक कुठे होते? प्रत्येक विधानसभा पाच वर्षं चालली नाही. १९७८ ला निवडून आलेली विधानसभा दोनच वर्षांत गेली: दिल्लीत इंदिरा गांधी परतल्या, फेब्रुवारी १९८० मध्ये शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं आणि लगेच निवडणूक लागली. उलट १९७२ ची विधानसभा आणीबाणीमुळे लांबली आणि थेट १९७८ पर्यंत चालली. त्यामुळे १९७४ च्या पोटनिवडणुकीत मिळालेली 'उरलेली मुदत' जवळपास चार वर्षांची निघाली. एक्कावन्न वर्षं काही कमी नाहीत. फुगवायची गरज नाही.

एकाच मतदारसंघातून अकरा वेळा, हा देशातला विक्रम आहे ना?

महाराष्ट्रात आहे. देशात नाही. केरळात के. एम. मणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले आणि ओमन चंडी पुथुपल्लीतून बारा वेळा. तमिळनाडूचे करुणानिधी तेरा वेळा आमदार झाले, पण वेगवेगळ्या मतदारसंघांतून. २०१४ साली आपल्या वर्तमानपत्रांत 'गणपतरावांनी करुणानिधींना मागे टाकलं' अशा बातम्या आल्या होत्या, तेच वाक्य अजून समाजमाध्यमांवर फिरतं. करुणानिधी त्यानंतर २०१६ ला पुन्हा निवडून आले आणि मणी तर आधीच पुढे होते.

गणपतरावांची खासियत माझ्या मते वेगळीच आहे. मणी आणि चंडी हे राज्यात सत्तेच्या आसपास असणाऱ्या पक्षांचे नेते होते. गणपतराव ज्या पक्षातून जिंकत राहिले, तो पक्ष राज्यभर आटत चालला होता. २०१४ च्या विधानसभेत शेकापचे सगळे मिळून तीन आमदार होते: अलिबाग, पेण आणि सांगोला. विधानसभेत ते बहुतेक काळ विरोधी बाकांवरच बसले. १९७८ च्या पुलोद सरकारात आणि १९९९ च्या विलासराव देशमुखांच्या सरकारात ते मंत्री होते, पण दोन्ही डाव अर्धवट राहिले. दुसऱ्या वेळी २००२ मध्ये शेकापनेच पाठिंबा काढून घेतला.

शेकाप सांगोल्यातच कसा टिकला?

'आबासाहेबांचा', म्हणजे गणपतरावांचा, 'साधेपणा' हे ठरलेलं उत्तर आहे. ते एसटीने मुंबईला जायचे, सांगोल्याच्या स्टँडवर कुणीही त्यांना गाठायचं, ही गोष्ट खरी आहे. पण एसटीने फिरून अकरा निवडणुका जिंकता येत नाहीत. तसं असतं तर आज निम्मे नेते लाल परीत दिसले असते.

टिकण्याचं कारण गावागावातला गट. सांगोल्यात शेकाप म्हणजे विकास सोसायटी, ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि बाजार समितीतली माणसं. वर मुंबईत पक्षाचं काय चाललंय याच्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. निवडणूक विधानसभेची असो की सोसायटीची, गाडी तीच, कार्यकर्ते तेच, लाल बावटा तोच. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि राज्यातल्या बऱ्याच सूतगिरण्यांना कुलपं लागली तरी चालू राहिली. त्यामुळे पगारावरची माणसं आणि त्यांची घरं गटाशी बांधली गेली.

दुसरं कारण पाणी. इथे पाऊस कमी, नीरा उजव्या कालव्याचं शेपटाचं पाणी येईल तेव्हा येतं. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर गणपतरावांनी आटपाडीच्या पाणी परिषदांमधून कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं म्हणून वर्षानुवर्षं लावून धरलं. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी सांगोल्यापर्यंत यायला दशकं लागली. पिण्याच्या पाण्यासाठी शिरभावी योजना झाली, तिच्यात ८१ गावं. पाण्याचा प्रश्न संपला असता तर कदाचित राजकारणही लवकर बदललं असतं. तो संपत नव्हता, आणि लढणारा माणूस तोच होता.

जातीचा विषयही टाळता येत नाही. तालुक्यात धनगर समाज मोठा आहे आणि गणपतराव त्याच समाजातले. मराठा मतदारही मोठ्या संख्येने आहेत. पण केवळ जातीच्या बळावर अकरा वेळा कुणी जिंकलेलं नाही. मराठा गावांमधूनही त्यांना मतं मिळत होती, म्हणूनच आकडे जुळत होते.

१९७२ ला ते का हरले?

त्या वर्षी राज्यात काँग्रेसची लाट होती. २७० पैकी २२२ जागा काँग्रेसने घेतल्या. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील जिंकले. जवळ्याचं हे घराणं तालुक्यातलं वजनदार. पुढे काकासाहेबांचं निधन झालं, १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव परत आले. १९७७ मध्ये काही महिने ते विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते.

आणि १९९५?

१९२ मतं. एवढ्याच फरकाने काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना पाडलं. गंमत अशी की त्याच निवडणुकीत राज्यात काँग्रेसची सत्ता गेली आणि युतीचं सरकार आलं. राज्यभर काँग्रेसच्या विरोधात वारं असताना सांगोल्याने तेहतीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा निवडलेला आमदार घरी बसवून काँग्रेसचा तरुण उमेदवार निवडला. सांगोला राज्याच्या वाऱ्यावर हलत नाही याचा याहून चांगला पुरावा नाही. १९९९ ला गणपतराव परतले. शहाजीबापूंना पुन्हा आमदार व्हायला चोवीस वर्षं लागली.

२०१९ मध्ये शेकापची मतं फुटली म्हणून पराभव झाला, हे खरं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात चुकीचं उत्तर मिळणारा प्रश्न. आधी घडलं ते सांगतो.

वयोमानामुळे गणपतरावांनी न लढायचं ठरवलं. शेकापने आधी उद्योजक भाऊसाहेब रुपनर यांचं नाव जाहीर केलं. कार्यकर्ते चिडले, आबासाहेबांच्या घरातलाच उमेदवार हवा म्हणून आग्रह झाला आणि उमेदवारी त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना मिळाली. समोर शिवसेनेकडून शहाजीबापू. निकाल असा लागला:

शहाजीबापू पाटील (शिवसेना): ९९,४६४
डॉ. अनिकेत देशमुख (शेकाप): ९८,६९६
फरक: ७६८

आता २०१४ चे आकडे शेजारी ठेवा. तेव्हा गणपतरावांना ९४,३७४ आणि शिवसेनेच्याच शहाजीबापूंना ६९,१५० मतं होती. फरक २५,२२४.

म्हणजे नातवाला आजोबांपेक्षा ४,३२२ मतं जास्त पडली आणि तरीही तो हरला. शेकापचा गठ्ठा फुटला असता तर तो ९४ हजारांच्या खाली गेला असता. तो वाढला. पाच वर्षांत खरा बदल झाला तो पलीकडे: शहाजीबापूंची मतं तीस हजारांनी वाढली. यामागचं मोठं कारण म्हणजे दीपकआबा साळुंखे-पाटील. जवळ्याच्या त्याच साळुंखे-पाटील घराण्यातले, तेव्हा राष्ट्रवादीत, पण त्यांचा गट शहाजीबापूंच्या मागे उभा राहिला.

७६८ हा आकडा किती लहान आहे हे कळायला मतदान केंद्रांनी भागून बघा. मतदारसंघात तीनशेच्या आसपास केंद्रं धरली, तर केंद्रामागे जेमतेम अडीच मतं. प्रत्येक केंद्रावर एका घरातली दोन-तीन माणसं पुण्याहून मतदानाला आली नाहीत, एवढ्यावर निकाल ठरला. आजही सांगोल्यात चहाच्या टपरीवर 'त्या दिवशी आमची गाडी वेळेवर गेली असती तर' असं म्हणणारे भेटतात. सगळ्यांच्या गाड्या मोजल्या तर फरक पाच हजारांच्या वर जाईल.

'काय झाडी, काय डोंगार' म्हणणारे आमदार तेच का?

तेच. जून २०२२ मध्ये शिवसेनेतले बंडखोर आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात असताना एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना शहाजीबापूंनी हे वाक्य टाकलं आणि 'काय हाटील, एकदम ओक्के' महाराष्ट्रभर पोचलं. त्याची गाणी झाली, टी-शर्ट आले. सांगोल्याच्या बाहेर अनेकांना हा मतदारसंघ त्या वाक्यामुळेच कळला, हे जुन्या शेकापवाल्यांना अजून पचलेलं नाही. पण बापूंची ही बोली सभेसाठी कमावलेली नाही, ते बोलतातच तसं. आमदारकीच्या काळात त्यांनी उजनीच्या पाण्याची सांगोला उपसा सिंचन योजना पुढे नेली आणि तिला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव दिलं गेलं. म्हणजे माणूस बदलला, पक्ष बदलला, मतं मागायचा विषय पाणीच राहिला.

२०२४ ला काय झालं?

तिरंगी लढत. शहाजीबापू शिंदेंच्या शिवसेनेकडून. दीपकआबा ऐनवेळी ठाकरेंच्या शिवसेनेत गेले आणि मशाल या चिन्हावर उभे राहिले. शेकापने अनिकेत यांच्याऐवजी त्यांचे चुलत भाऊ डॉ. बाबासाहेब देशमुख यांना उतरवलं.

डॉ. बाबासाहेब देशमुख (शेकाप): १,१६,२५६
शहाजीबापू पाटील (शिवसेना): ९०,८७०
दीपकआबा साळुंखे-पाटील (शिवसेना, उद्धव ठाकरे गट): ५०,९६२

फरक २५,३८६, म्हणजे २०१४ मधल्या आजोबांच्या फरकाच्या अगदी जवळ. राज्यात महायुतीने महाविकास आघाडीचा धुव्वा उडवला आणि शेकापची अलिबागसारखी जुनी जागाही परत आली नाही. संपूर्ण विधानसभेत शेकापचा एकच आमदार, सांगोल्याचा.

शेकाप महाविकास आघाडीबरोबर होता ना? मग आघाडीचे दोन उमेदवार कसे?

जागावाटपात सांगोला शेकापला हवा होता, ती त्यांची पिढीजात जागा. ठाकरेंच्या शिवसेनेचं म्हणणं, २०१९ ला जागा आम्ही जिंकली, आमदार सोडून गेला म्हणून जागा सोडायची नाही. दोघांचाही युक्तिवाद आपापल्या जागी चूक नव्हता. तोडगा निघाला नाही आणि दोघेही लढले. निकालाने शेकापचं म्हणणं खरं ठरवलं, पण साळुंखे गटाची जवळपास ५१ हजार मतंही त्यात दिसली.

मग शहाजीबापू साळुंखेंमुळे पडले?

अर्धं उत्तर 'हो'. शहाजीबापू आणि दीपकआबा यांची मतं एकत्र केली तर १,४१,८३२ होतात, विजयी उमेदवारापेक्षा साडेपंचवीस हजारांनी जास्त. पण मतांची अशी बेरीज कागदावरच होते. दीपकआबा उभे नसते तर त्यांच्या मतदारांतले किती बापूंकडे आणि किती देशमुखांकडे गेले असते हे सांगता येत नाही. मशालीला मत देणाऱ्यांत शिंदेंवर चिडलेले शिवसैनिकही होते.

उरलेलं अर्धं उत्तर असं: २०१९ च्या तुलनेत बापूंची मतं फक्त ८,५९४ ने घटली. त्यांचा गठ्ठा शाबूत होता. देशमुखांची मतं मात्र १७,५६० ने वाढली. आबासाहेब गेल्यानंतरची ही पहिली विधानसभा, आणि ७६८ चा सल गावोगाव होता.

माझं मत विचाराल तर सांगोल्यात तीन गट आहेत आणि निकाल तिसरा गट ठरवतो. १९७२ मध्ये साळुंखे-पाटील स्वतः जिंकले, २०१९ मध्ये त्यांचा गट बापूंबरोबर गेला आणि बापू जिंकले, २०२४ मध्ये तो वेगळा लढला आणि देशमुख जिंकले. पक्षांची नावं बदलत राहतात: काँग्रेस, राष्ट्रवादी, शिवसेना, दुसरी शिवसेना. गट मात्र बदलत नाहीत. सांगोल्यात 'तुम्ही कुणाचे?' असं विचारलं तर उत्तरात पक्ष येत नाही, आबासाहेब, बापू किंवा दीपकआबा येतं.

डाळिंबाचा आणि निवडणुकीचा काही संबंध आहे का?

आहे, जरा आडवळणाचा. कमी पाण्यावर येणाऱ्या डाळिंबाने दुष्काळी सांगोल्यात पैसा आणला. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे निघाली. तेल्या रोगाने बागा काढाव्या लागल्या तेव्हा तोच पैसा आटला. ज्याच्याकडे बाग आहे तो शेतकरी सोसायटीच्या कर्जावर आणि नेत्याच्या शिफारशीवर पूर्वीइतका अवलंबून नसतो. बागायतदार तरुण मतदार गटाच्या बाहेर विचार करतो, असं गावातले कार्यकर्ते कुरकुरत सांगतात.

केंद्रवार आकडे कसे बघायचे?

निवडणूक आयोगाचा फॉर्म २० मागा किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर शोधा. त्यात आडव्या ओळीत एकेक मतदान केंद्र आणि उभ्या रकान्यात उमेदवार असतात. शेवटी नोटा आणि एकूण मतं. गावाचं नाव तिथे नसतं, फक्त केंद्र क्रमांक असतो, त्यामुळे शेजारी मतदान केंद्रांची यादी उघडून ठेवावी लागते. पुढच्या निवडणुकीत केंद्रांचे क्रमांक बदलू शकतात, म्हणून २०१९ चं १४० नंबरचं केंद्र आणि २०२४ चं १४० नंबरचं केंद्र एकच आहे असं धरू नका. आधी गाव जुळवा, मग मतं.

आणि बघायचंच असेल तर जवळा आणि चिकमहूद या दोन गावांपासून सुरुवात करा. एक साळुंखेंचं, दुसरं शहाजीबापूंचं. २०१९ ला जवळ्याच्या केंद्रांवर बापूंना किती पडली आणि २०२४ ला किती, हे दोन आकडे शेजारी लिहिलेत की वरच्या वादातला बराचसा भाग तिथेच मिटतो.